सेनापतीनंतर कोण

"आता मलासुद्धा बाहेर जाता येणार नाही," जनरल बर्गे म्हणाले आणि त्यांनी मागे लागलेल्या पोलादी दारावर हाताने थाप मारली. थापेचा आवाजही झाला नाही, इतकं ते दार जाड होतं.

"आणि खरंच काही झालं तर, सर?" मी विचारलं.

"खरं युद्ध पेटलं तरी आपण इथंच असणार ना, रणपिसे? मग बाहेर जायची घाई कशाला?"

ते कोरेगावकडचे, मी श्रीगोंद्याची. चारचौघांत ते माझ्याशी इंग्रजीतच बोलत, पण दोघंच असलो की मराठीवर येत आणि मला एकेरीत हाक मारत. लेफ्टनंट जनरल दिनकर बर्गे. सहा फूट उंची, पांढऱ्या भुवया आणि आवाज असा, की कुजबुजले तरी खोलीभर ऐकू जावं.

ही गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीची आहे. एका टेकडीच्या पोटात कोरलेलं ते भुयार होतं. टेकडी कुठली, ते आजही सांगत नाही. आत नकाशांची मोठी खोली, तिला लागून माझी संदेशांची खोली, झोपायला लाकडी बाकं आणि एक चिमुकलं स्वयंपाकघर. हवा यंत्राने आत ढकलली जायची. त्या यंत्राची घरघर पहिला तासभर कानांना जाणवली, नंतर नुसतीच डोक्यात राहिली. मी सिग्नल्समध्ये लेफ्टनंट कर्नल होते. भुयारातून बाहेर जाणारी प्रत्येक तार, प्रत्येक लहर माझ्या ताब्यात होती.

सराव तीन दिवसांचा होता आणि तो जनरलसाहेबांच्या हट्टाने होत होता. पहिल्याच दिवशी सगळ्यांना समोर बसवून त्यांनी तो हट्ट समजावून सांगितला.

"आपल्याकडे सैन्यं तीन. लष्कर, नौदल, हवाई दल. तिघांचे प्रमुख तीन आणि तिघांचा दर्जा एक. युद्ध आलं की ते एका टेबलाशी बसतात. त्यांच्यातला जो सेवेत जुना, तो अध्यक्ष. पण अध्यक्षाने फक्त बैठक चालवायची, बाकीच्या दोघांना तो हुकूम देऊ शकत नाही. विनंती करू शकतो. शत्रू समोर उभा असताना आपण एकमेकांना विनंती करत बसणार का?"

त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"म्हणून या सरावात एक सेनापती. जहाजं त्याची, विमानं त्याची, पलटणीही त्याच्या. हे चालतं, हे आपण तीन दिवसांत दाखवायचं. दाखवता आलं तर वरचे लोक विचार करतील. नाही दाखवता आलं, तर माझ्या हयातीत पुन्हा कोणी हा विषय काढणार नाही."

त्यांच्या दोन्ही बाजूंना त्यांचे दोन साहाय्यक बसले होते. उजवीकडे नौदलाचे रिअर अॅडमिरल कुरियन, बुटके, शांत, बोलण्याआधी चष्मा पुसणारे. डावीकडे हवाई दलाचे एअर व्हाइस मार्शल लाहिरी, उंच, तडकाफडकी बोलणारे. दोघांचा हुद्दा सारखा आणि बढतीची तारीखही एकच. सेनापतीला काही झालं तर त्याच्या जागी कोण, हे सरावाच्या हुकमात लिहायला हवं होतं. नौदल म्हणालं कुरियन, हवाई दल म्हणालं लाहिरी. बैठकांवर बैठका झाल्या. शेवटी तिथे 'नंतर ठरवू' असं लिहून सगळे मोकळे झाले.

मी त्याबद्दल एकदा जनरलसाहेबांना विचारलंही होतं. ते हसले होते. "अगं, तीन दिवसांत मला काय होतंय? आणि त्या एका ओळीवर अडून बसलो असतो, तर सरावच झाला नसता."

दाराचंही त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. दार फक्त बाहेरून उघडायचं. बाहेर लष्कराच्या एका तुकडीचा पहारा होता आणि कॅप्टन राठी नावाचा तरुण अधिकारी त्या तुकडीवर होता. एरवी अशा सरावात खरोखरीचं संकट आलं तर सांगायचा एक शब्द सगळ्यांना माहीत असतो. जनरलसाहेबांनी तो प्रकार बंद केला. परवलीचा शब्द एकट्या सेनापतीला आणि राठीला ठाऊक, तिसऱ्याला नाही. सेनापतीनंतरचा माणूस ठरला असता तर त्यालाही तो कळला असता. तो ठरलाच नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं नुकतीच आटोपली होती. नकाशावर आमची जहाजं दक्षिणेकडे सरकत होती आणि लाहिरींची विमानं खरोखरीच हवेत होती. जनरलसाहेब उभे राहून कुरियनना काहीतरी सांगत होते. मी दारातून बघत होते.

"तुमची दोन जहाजं मागे घ्या आणि तिसरं..." ते थांबले. "तिसरं... उद्या."

"उद्या?" कुरियन म्हणाले.

"उद्या," जनरलसाहेब पुन्हा म्हणाले. त्यांच्या उजव्या हातातली पेन्सिल खाली पडली. ते तिच्याकडे असे बघत राहिले, जणू ती दुसऱ्याच कोणाच्या हातातून पडली होती. मग त्यांच्या तोंडाची उजवी बाजू सैल पडली आणि ते टेबलाच्या कडेवर कलले. कुरियननी त्यांना धरलं नसतं तर डोकंच आपटलं असतं.

आमच्यासोबत डॉक्टर होत्या, मेजर नंदिता सैकिया. त्यांनी जमिनीवरच त्यांना आडवं केलं, डोळ्यांत उजेड टाकला, दोन्ही हात उचलायला सांगितले. डावा उचलला गेला. उजवा हललाही नाही.

"पक्षाघात," त्या म्हणाल्या. "मेंदूकडे जाणारं रक्त कुठेतरी अडलंय. त्यावर औषध आहे, पण आधी मेंदूचा फोटो काढावा लागतो आणि ते सगळं मोठ्या रुग्णालयात. पहिले काही तास हातात असतात, सर. त्यानंतर औषध देऊन उपयोग नाही."

"काही तास म्हणजे?" लाहिरींनी विचारलं.

"रुग्णालयात पोचायलाच दीड तास लागेल. आत्ता निघायला हवं."

मी धावत आत गेले आणि राठीचा फोन उचलला.

"कॅप्टन राठी, मी कर्नल रणपिसे. जनरलसाहेबांना पक्षाघाताचा झटका आलाय. दार उघडा आणि रुग्णवाहिका बोलवा."

"परवलीचा शब्द सांगा, मॅडम."

"ते बोलू शकत नाहीयेत. जीभच चालत नाही त्यांची."

"मॅडम," तो अगदी अदबीने म्हणाला, "सरांनी मला काल स्वतः सांगितलं होतं. आतून सांगतील की मी मरतोय. रडतील, ओरडतील, डॉक्टरला बोलायला लावतील. माझा शब्द येत नाही तोवर उघडलंस, तर तू नापास."

"राठी, हा सराव नाहीये!"

"तुम्ही असंच म्हणाल, हेही सांगितलं होतं, मॅडम."

डॉक्टर सैकिया बोलल्या. कुरियन बोलले. लाहिरी तर इतके ओरडले, की फोन कानापासून दूर धरूनही राठीला ऐकू गेलं असेल. तो प्रत्येकाला तेच उत्तर देत राहिला. आवाज कापत होता त्याचा, पण तो हलला नाही. मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी वाटलं, मी त्याच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं.

मी जनरलसाहेबांच्या शेजारी गुडघे टेकून बसले. ते शुद्धीवर होते, तेच जास्त भयंकर होतं. डोळे अगदी स्वच्छ होते आणि माझ्यावर रोखलेले होते. शब्द त्यांच्या डोक्यात होता.

"सर, परवलीचा शब्द. राठीला सांगायचा शब्द. मराठीत सांगा, कसाही सांगा."

त्यांनी सगळा जीव एकवटला. कपाळावरची शीर फुगली.

"उद्या," ते म्हणाले.

"उद्या? हाच शब्द आहे, सर?"

"उद्या. उद्या." त्यांनी जोरात मान हलवली. ती होकारार्थी की नकारार्थी, मला कळेना. मी धावत जाऊन राठीला तो शब्द मराठीत सांगितला, हिंदीत सांगितला, इंग्रजीत सांगितला.

"नाही, मॅडम," तो म्हणाला. "हा नाही."

डॉक्टरांनी त्यांच्या डाव्या हातात पेन्सिल दिली. कागदावर नुसते फराटे उमटले. फराट्यांकडे बघून जनरलसाहेबांनी स्वतःच पेन्सिल टाकून दिली आणि डोळे मिटले.

"त्यांना सगळं आठवतंय," सैकिया हळू आवाजात म्हणाल्या. "पण शब्द सापडत नाही. एकच तोंडात अडकून बसलाय, म्हणून तोच येतोय. लिहितानाही तेच होतं."

*

त्यानंतर जे झालं, ते मला अजून आठवतं.

लाहिरींनी आपल्या विमानतळाला फोन लावला. तिथल्या प्रमुखाने त्यांचा आवाज ओळखला आणि विश्वासही ठेवला. "सर, पण दारावर लष्कराचे लोक आहेत. ते माझं ऐकणार नाहीत. मी हवाई दलाच्या मुख्यालयाला कळवतो, ते लष्कराच्या मुख्यालयाला कळवतील." त्याच वेळी दुसऱ्या फोनवर कुरियन आपल्या नौदलाच्या तळाशी बोलत होते आणि तिकडूनही तेच उत्तर येत होतं.

दोन माणसं अधिकाराच्या दोन वेगवेगळ्या शिड्या चढत होती. बऱ्याच वेळाने दोन्हींकडून उत्तर आलं आणि ते एकच होतं. दारावरचा पहारा सरावापुरता संयुक्त सेनापतीच्या हुकमात आहे, लष्कराच्या नाही. त्यामुळे लष्करालाही त्याला परस्पर हुकूम देता येत नाही. तसा द्यायचा तर वरून लेखी मंजुरी लागेल. तोवर संयुक्त सेनापतींशी संपर्क साधावा.

"संयुक्त सेनापती इथे माझ्या पायाशी पडलाय!" लाहिरी फोनमध्ये ओरडले.

फोन ठेवून ते कुरियनकडे वळले. "जोसेफ, आपल्यापैकी एकाने सांगायला हवं की आता मी सेनापती."

"मग सांग."

"मी सांगितलं तर तुझं नौदल मानेल?"

कुरियननी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "माझी जहाजं समुद्रात आहेत. मी तुला सेनापती मानलं तर उद्या मला विचारतील, कोणाला विचारून मानलंस? आणि मी स्वतःला म्हणवलं तर तुझी विमानं माझं ऐकतील?"

"नाही," लाहिरी म्हणाले. खरं तेच बोलले ते. "आणि ऐकलं तरी राठी दार उघडणार नाहीच. शब्द कुठाय आपल्याकडे?"

त्या दोघांनंतर हुद्द्याने मीच होते, पण दोघांच्याही खूप खाली. भिंती जवळ आल्यासारख्या वाटत होत्या. घामाने गणवेश पाठीला चिकटला होता. दार तिथेच होतं, आमच्यापासून पंधरावीस पावलांवर. त्याच्या पलीकडे ऊन होतं, रस्ता होता, गाडी होती.

आणि तेव्हा मला सरावाच्या हुकमातलं ते कलम आठवलं. आठवायलाच हवं होतं, कारण ते माझ्याच कामाचं होतं. आमच्या भुयारातून सगळ्याच मार्गांनी आवाज बंद झाला आणि अर्धा तास बंदच राहिला, तर शत्रूने हे मुख्यालय उडवलं असं धरायचं. सगळी सूत्रं त्याच क्षणी दूरच्या पर्यायी मुख्यालयाकडे जातील. आणि बाहेरच्या पहाऱ्याने दार उघडून आत कोण जिवंत आहे, ते बघायचं. त्याला परवलीचा शब्द लागत नव्हता, कारण मेलेली माणसं शब्द सांगत नाहीत.

माझं सगळं काम एवढंच होतं, की तो आवाज कधी बंद पडू नये.

"सर," मी दोघांना म्हणाले, "एक मार्ग आहे. मी सगळ्या तारा तोडते. आपण सगळे मेलो असं होईल."

दोघांनाही लगेच कळलं. लाहिरी आधी बोलले. "माझी विमानं हवेत आहेत. त्यांना इथूनच वाट दाखवली जातेय. तू एकदम बंद केलंस तर..."

"त्यांना आधी उतरवा, सर. तोवर मी थांबते."

कुरियन जनरलसाहेबांकडे बघत होते. "याचा अर्थ माहिती आहे ना, रणपिसे? नोंद अशी होईल की एका सेनापतीची ही व्यवस्था दुसऱ्याच दिवशी मेली. दिनकरने दहा वर्षं घातलीत यात."

"माहिती आहे, सर."

लाहिरी आत गेले आणि विमानांना परत बोलवू लागले. एकेक उतरल्याचा निरोप येत होता. एकाला वाऱ्यामुळे दोनदा फेरी मारावी लागली. ती फेरी संपेपर्यंत आम्ही कोणी बसलो नाही. डॉक्टर सैकिया तेवढ्यात एकदाच बोलल्या. "जितका उशीर, तितका मेंदू कमी उरेल." मग शेवटचं उतरलं.

मी मुख्य खटक्यापाशी जाऊन उभी राहिले. लाहिरी आणि कुरियन दोघंही तिथे आले.

"मला हुकूम हवा, सर," मी म्हणाले. "कोणाचाही चालेल."

लाहिरींनी कुरियनकडे पाहिलं. कुरियननी लाहिरींकडे पाहिलं. तोंड उघडलं ते दोघांनीही, मी स्वतः पाहिलं. पण दोघंही दुसरा बोलेल म्हणून थांबले आणि थांबलेच. यंत्राची घरघर ऐकू येत राहिली.

मी खटका ओढला.

*

सगळे दिवे विझले, फोनचे, पडद्यांचे, नकाशाच्या टेबलाचे. छतावरचे पिवळे तेवढे राहिले. आता अर्धा तास. या अर्ध्या तासात आम्ही कोणाशी बोलू शकत नव्हतो आणि आमच्याशी कोणी बोलू शकत नव्हतं. मध्येच विचार बदलून एक जरी फोन लावला असता, तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं असतं. आत्तापर्यंत निदान ओरडता येत होतं. आता तेही नाही.

डॉक्टरांनी जनरलसाहेबांना कुशीवर वळवलं होतं. कुरियन खाली जमिनीवर बसले आणि त्यांनी त्यांचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. लाहिरींनी आपला कोट काढला, घडी केली आणि जनरलसाहेबांच्या निकामी हाताखाली ठेवला. मग तेही तिथेच बसले. मी एका हवाई अधिकाऱ्याला आणि एका नौदल अधिकाऱ्याला असं एका जमिनीवर, एका माणसाच्या दोन बाजूंना बसलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"खडकवासल्याला आम्ही दोघं एकाच तुकडीत होतो," लाहिरी माझ्याकडे न बघता म्हणाले. "मी आणि हा. तेव्हा तिन्ही दलांचे सगळे एकत्रच. एकाच मेसमध्ये जेवायचो."

"तू माझं दूध प्यायचास," कुरियन म्हणाले.

"तुला आवडत नव्हतं."

"आवडायचं. मी बोललो नाही एवढंच."

जनरलसाहेबांचे डोळे एकाकडून दुसऱ्याकडे जात होते. "उद्या," ते पुटपुटले. कुरियननी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. "हो, दिनकर. कळतंय."

मी दाराशी जाऊन उभी राहिले आणि दाराला कान लावला. काही ऐकू येत नव्हतं. राठीने ते कलम वाचलंय ना, हा एकच विचार डोक्यात फिरत होता. वाचलं असेल तर तो घड्याळ बघत असेल. नसेल वाचलं, तर आम्ही सगळे खरोखरच इथे गप्प बसून राहिलो होतो आणि जनरलसाहेब आमच्या डोळ्यांसमोर संपणार होते. तेही माझ्यामुळे. मी एकदा माझ्या खोलीकडे वळले, खटक्यापर्यंत गेले आणि हात मागे घेतला.

मग दारात काहीतरी करकरलं. दाराचं चाक बाहेरून कोणीतरी फिरवत होतं.

दार उघडलं तसा उजेड सरळ डोळ्यांत आला. राठी दारात उभा होता. त्याच्या मागे चार जवान, त्यांच्या हातात स्ट्रेचर. स्ट्रेचर त्याने आधीच मागवलं होतं. जमिनीवरच्या माणसाकडे त्याचं लक्ष गेलं आणि चेहराच उतरला.

"मॅडम, मला..."

"नंतर, राठी. उचला आधी."

*

जनरलसाहेब वाचले. औषध मिळालं, पण उशिरा मिळालं. उजवा हात परत आला नाही आणि बोलणं अर्धंमुर्धं परत आलं. लष्करी रुग्णालयात ते कित्येक आठवडे होते.

सराव अयशस्वी ठरला. कारण एका ओळीत लिहिलं होतं: दुसऱ्या दिवशी संयुक्त मुख्यालय नष्ट. मग चौकशी समिती बसली. सेनापती जिवंत असताना, शत्रूचा हल्ला झालेला नसताना, संयुक्त मुख्यालयाचे सगळे संदेश कोणाच्या हुकमाने तोडले, हा तिचा मुख्य प्रश्न होता. मी उत्तर ठरवून गेले होते. कोणाच्याही नाही, मी तोडले. नोकरी जाईल, हेही मनाशी धरून गेले होते.

समितीचे अध्यक्ष वयस्कर होते, हळू बोलणारे. त्यांनी मला बसायला सांगितलं.

"कर्नल रणपिसे, प्रश्न विचारण्याआधी एक सांगतो. मी हाच प्रश्न रिअर अॅडमिरल कुरियनना विचारला. ते म्हणाले, मी हुकूम दिला. सेनापती निकामी झाले होते, मी सूत्रं हातात घेतली आणि रणपिसेंना तारा तोडायला सांगितलं. जबाबदारी संपूर्ण माझी."

त्यांनी समोरचं पान उलटलं.

"दुसऱ्या दिवशी मी एअर व्हाइस मार्शल लाहिरींना विचारलं. ते म्हणाले, मी हुकूम दिला. सेनापती निकामी झाले होते, मी सूत्रं हातात घेतली." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "दोघांना वेगवेगळं बोलावलं होतं. मधल्या काळात दोघांची भेट झालेली नाही, मी खात्री करून घेतलीय. आता मला सांगा, एका जागेवर एकाच वेळी दोन सेनापती कसे असतात?"

त्या खोलीला खिडक्या होत्या, दार उघडं होतं, तरी मला पुन्हा त्या भुयारात असल्यासारखं वाटलं. खरं सांगितलं तर ती दोन माणसं खोटी पडत होती आणि त्यांची नोकरी माझ्याबरोबर जात होती. एकाचं नाव घेतलं तर दुसरा खोटा पडत होता.

"मी दोघांकडे हुकूम मागितला होता, सर," मी म्हणाले.

"आणि?"

"आणि मग मी तारा तोडल्या."

मग त्यांनी समोरचा कागद बाजूला सारला. "मागितला होता," ते स्वतःशीच म्हणाले. "ठीक आहे. तुम्ही जाऊ शकता."

माझी नोकरी राहिली, पुढची बढती मात्र मिळाली नाही. कुरियन आणि लाहिरींना ताकीद मिळाली, दोघांना सारखीच. मी दोघांचे आभार मानायला फोन केला. लाहिरींनी "कसले आभार?" म्हणून फोन ठेवून दिला. कुरियन म्हणाले, "त्या वेळी तोंडातून निघालं नाही. नंतर निघालं, एवढंच झालं."

*

जनरलसाहेबांना भेटायला जाण्याची माझी छाती होत नव्हती. त्यांची दहा वर्षं मी एका खटक्यात संपवली होती. शेवटी त्यांच्या पत्नीचाच निरोप आला. "ये गं. ते तुझं नाव घेतात. नीट घेता येत नाही, पण घेतात."

ते उशांना टेकून बसले होते. केस पूर्ण पांढरे झाले होते. मला पाहून त्यांनी डावा हात पुढे केला. मी तो धरला.

"सर, सराव..." मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. माहीत होतं त्यांना. एका सेनापतीच्या कल्पनेची फाइल बंद झाली, हेही माहीत होतं. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागत होता. मी थांबले. त्यांच्या पत्नीने मला खुणेने सांगितलं, घाई करू नकोस.

"हुकूम," ते म्हणाले. "कोणी... दिला?"

"त्या दिवशी कोणीच दिला नाही, सर. मी मागितला, दोघंही गप्प राहिले."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, सांगायला नको होतं. पण अर्धवट सांगणं त्याहून वाईट होतं, म्हणून मी पुढचं सगळं सांगितलं. चौकशी, कुरियनांचं उत्तर, लाहिरींचं उत्तर. अध्यक्षांनी दोघांना वेगवेगळं विचारलं होतं, तेही सांगितलं.

त्यांनी डोळे उघडले. "न... विचारता?"

"हो, सर. एकमेकांना न विचारता."

"दोघं... म्हणाले... मी?"

"दोघंही म्हणाले, मी सेनापती होतो. शिक्षा मला द्या."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या तोंडाची डावी बाजू, जी अजून त्यांच्या ताब्यात होती, ती हळूहळू वर गेली. त्या अर्ध्या चेहऱ्याने ते हसत होते. माझा हात त्यांनी घट्ट दाबला आणि एक शब्द शोधायला लागले. खूप वेळ शोधला. या वेळी तो सापडला.

"जमलं," ते म्हणाले.